यात्रेतले ताट: काटकसर, संयम आणि परान्न

बेताच्या कमाईच्या मराठी कुटुंबाची सुट्टीतली सहल बहुधा देवाच्या गावी जाते. शिर्डी, शेगाव, अक्कलकोट-गाणगापूर-तुळजापूर-पंढरपूर अशी फेरी, नाहीतर कुलदैवताचे ठाणे. देवदर्शन होते आणि मुलांचे फिरणेही होते. अशा सहलीत गाडीभाडे आधीच ठरलेले असते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आणि त्याआधीपासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास असल्याने ते आणखी हलके झाले आहे. राहायला भक्तनिवास किंवा धर्मशाळा मिळते. मागेपुढे करता येण्याजोगा खर्च उरतो तो खाण्याचा. चौघे जण चार दिवसांसाठी बाहेर पडले तर दोन वेळची मिळून ३२ ताटे होतात, चहा-नाश्ता वेगळा. ही ताटे कुठून आणायची हा हिशेबाचा प्रश्न खराच, पण धर्मशास्त्राने त्याचा विचार फार पूर्वी केला आहे. यात्रेत कमी खाणे, स्वतःचे खाणे आणि दुसऱ्याचे खाणे यांना तिथे वेगवेगळे मोल आहे.

या विचाराचे मूळ महाभारताच्या वनपर्वात सापडते. तीर्थयात्रापर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना सांगतात की यज्ञाला साधनसामग्री लागते, माणसे लागतात, पैसा लागतो. ते राजांचे आणि धनवंतांचे काम. दरिद्री माणसाला जे करता येते आणि ज्याचे फळ यज्ञाहूनही मोठे, ती तीर्थयात्रा. म्हणजे कमी पैशातली यात्रा ही नाइलाजाने पत्करलेली दुय्यम गोष्ट नव्हे. यात्रेची कल्पनाच मुळी कमी पैसेवाल्यासाठी मांडली गेली. त्याच ठिकाणी यात्रेचे फळ कोणाला मिळते याच्या अटी येतात. हात, पाय आणि मन ताब्यात असावे, माणूस असेल त्यात संतुष्ट असावा, त्याचा आहार हलका असावा आणि तो प्रतिग्रहापासून, म्हणजे दान घेण्यापासून, दूर असावा.

हलका आहार आणि दानाला नकार या दोन अटी एका दमात सांगितल्या आहेत, पण प्रत्यक्ष हिशेबात त्या एकमेकींच्या आड येतात. खर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग फुकट जेवणाचा, आणि फुकट जेवण म्हणजे दान घेणेच. पुढच्या काळात धर्मशास्त्राचे निबंधग्रंथ लिहिणाऱ्यांनी यावर तर भाव लावल्यासारखे फळाचे अंश ठरवले. दुसऱ्या कामाला गेला आणि जाता जाता तीर्थ केले तर निम्मे फळ. परान्नावर, म्हणजे दुसऱ्याच्या अन्नावर, यात्रा केली तर सोळावा हिस्सा. सुट्टीची सहल आणि देवदर्शन एकत्र करणाऱ्या कुटुंबाला हा तक्ता लावला तर हाती फारसे काही उरत नाही. असे तक्ते शब्दशः घेण्यासाठी नसतात. ग्रंथकारांना धास्ती कशाची होती, एवढे मात्र त्यांतून नेमके कळते: यात्रेकरू दुसऱ्याच्या खर्चाने पुण्य कमावू पाहील, ही.

परान्न टाळण्याचा जुना उपाय म्हणजे शिदोरी. मराठी घरांतली प्रवासाची खरी शिदोरी दशमीची. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, असले तर थोडे तूप किंवा गूळ घालायचा. दुधात मळलेली म्हणून ती सोवळ्याओवळ्याच्या नियमांतून बरीचशी सुटे, मऊ राही, आणि वाटेत चूल मांडावी लागत नसे. ती नीट बांधणे हेही एक कसब आहे. तव्यावरून उतरलेल्या दशम्या कापडावर सुट्या पसरून पुरत्या गार कराव्या लागतात. गरम बांधल्या तर आत पाणी सुटते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, लोणचे, गुळाचा खडा. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि धपाटे दुसऱ्या दिवशीही चालतात. बटाट्याची भाजी मात्र उन्हाळ्यात पहिल्या दुपारीच संपवावी. एवढी तयारी असली की पहिल्या दिवसाची आठही ताटे घरची होतात आणि हॉटेलचे बिल सरळ एक चतुर्थांशाने उतरते.

या हिशेबात एक रकाना कधीच भरला जात नाही. त्या दशम्या कोणीतरी पहाटे चारला उठून लाटलेल्या असतात, आणि ती व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते. उरलेले कुटुंब सहा वाजता आंघोळ करून ताजेतवाने गाडीत बसते आणि ती निघण्याआधीच दमलेली असते. मुक्कामी खोलीत स्टोव्ह पेटवून खिचडी टाकायची ठरली तर सहलभर तिची सुट्टी स्वयंपाकघरातून स्वयंपाकघरात. धर्मग्रंथांनी परान्नाची चर्चा केली ती दात्याच्या आणि यात्रेकरूच्या संदर्भात. घरातल्या घरात एकाच्या श्रमावर बाकीच्यांचा संयम उभा राहतो, याकडे त्यांनी पाहिले नाही. परान्नाचा निकष प्रामाणिकपणे लावायचा तर तो इथेही लावावा लागतो. पैसे वाचले हे खरे, पण ते कोणाच्या वाट्यातून वाचले हे विचारल्याशिवाय त्या बचतीला संयम म्हणता येत नाही. पुरुषांनी चटणी कुटली, मुलांनी पुऱ्या लाटल्या, डबे परत येताना दुसऱ्याने घासले, तर तीच शिदोरी सगळ्यांची होते.

वारीतली व्यवस्था या बाबतीत सरळ आहे. दिंडीत चालणारा वारकरी भिशी भरतो, आणि त्या पैशातून सगळ्या दिंडीचा स्वयंपाक होतो. जेवण साधेच, पण ज्याचा त्याने वाटा उचललेला. वाटेतली गावे पंगती घालतात त्या वेगळ्या. भिशी भरलेली असल्याने त्यांच्यावाचून कोणाचे अडत नाही.

अन्नछत्राचा प्रश्न याहून अवघड आहे. शेगावात गजानन महाराज संस्थान रोज महाप्रसाद देते. अक्कलकोटला १९८८ साली सुरू झालेले स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ दोन्ही वेळा पंगती उठवते. शिर्डीच्या प्रसादालयात गच्चीवरच्या ७३ सौर तबकड्यांवर तयार होणारी वाफ २००९ पासून स्वयंपाकाला वापरली जाते. चार दिवसांच्या फेरीतली निम्मी ताटे अशा ठिकाणी सहज भागू शकतात. ज्याला परवडते त्याने ती भागवावीत का? जानेवारी २०२५ मध्ये शिर्डीत एका जाहीर भाषणात मोफत जेवण बंद करून ताटामागे २५ रुपये घ्यावेत आणि वाचलेला पैसा शिक्षणावर खर्च करावा, अशी मागणी झाली, तेव्हा मोठे वादळ उठले. फुकट जेवण भिकाऱ्यांना गोळा करते, असा त्या बोलण्याचा सूर होता. उलट बाजूने सांगितले गेले की प्रसादाला दर नसतो.

दोन्ही बाजू एका गोष्टीवरून घसरत होत्या. अन्नछत्राच्या पंगतीत गरजू आणि ऐपतदार शेजारी बसतात, आणि कोण कोण आहे हे कोणी विचारत नाही, यातच त्याचे धार्मिक मोल आहे. शेगावची तर मूळ कथाच याविषयी आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. तिथे अन्न आणि अन्न टाकणे एवढेच महत्त्वाचे होते. भूक पैसेवाल्याची की निर्धनाची हा विषयच नव्हता. म्हणून ऐपत असलेल्याने पंगतीत बसणे गैर नाही. गैर आहे ते पंगत ही खानावळ समजून बसणे: ताटात जास्तीचे वाढून घेऊन टाकणे, डब्यात भरून नेणे, दर्शनाला न जाता केवळ जेवणाच्या वेळा साधणे.

बरीच कुटुंबे यावर स्वतःचा तोडगा काढतात. बाहेर जेवलो असतो तर जेवढे लागले असते तेवढी रक्कम अन्नदानाच्या खिडकीवर देऊन पावती घेतात. याला एक आक्षेप आहे: मोजून पैसे दिले की प्रसादाचे जेवण विकतचे होते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातली यज्ञशेषाची कल्पना इथे उपयोगी पडते. सर्वांसाठी आधी दिले जाते आणि उरलेले आपण खातो, असा तिचा क्रम आहे. देणे आणि खाणे यांचा व्यवहार एकास एक जुळवायचा नाही. त्या अर्थाने आदल्या वर्षी दिलेले आणि या वर्षी खाल्लेले यांत विसंगती नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर पैशाचा प्रश्न बाजूलाच ठेवतो. तिथे जेवून उठलेला माणूस भांडी घासायला किंवा रोट्या लाटायला बसू शकतो, आणि मुलांना हे भारी आवडते.

परान्नाची सगळी चर्चा गाणगापूरला उलटी फिरते. भीमा-अमरजा संगमावरच्या या दत्तक्षेत्री दुपारी मधुकरी मागण्याची रीत आहे. दत्तावतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती अजूनही माध्यान्हाच्या वेळी कोणत्या ना कोणत्या रूपाने भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे मोटारीने आलेले, खिशात पैसे असलेले लोकही झोळी घेऊन निदान पाच घरी उभे राहतात, आणि त्याच वेळी दुसरे यात्रेकरू येणाऱ्या प्रत्येकाला वाढत असतात, कारण मागणारा कोण हे सांगता येत नाही. पाच घरांची भाकरी, भात, आमटी एकत्र कालवून खायची. इथे परान्न फळ कमी करत नाही, तेच व्रत आहे. खर्च होतो तो अहंकार. हॉटेलात जायला पैसे नाहीत म्हणून मागणे आणि असूनही मागणे यांत बाहेरून काही फरक दिसत नाही, आणि दिसू नये अशीच ही रीत आहे.

गुरुचरित्राच्या ३८व्या अध्यायातल्या भास्कर ब्राह्मणाची कथा याच गावची. त्याने गुरूंना, म्हणजे नृसिंहसरस्वतींना, भिक्षा घालण्यासाठी तीन माणसांपुरता शिधा गाठोड्यात बांधून आणला. रोज कोणी ना कोणी समाराधना करी आणि त्यालाही जेवायला बोलावी. तो जेवे, आणि रात्री ते गाठोडे उशाला घेऊन झोपे. असे बरेच दिवस गेल्यावर लोक हसू लागले: दुसऱ्याचे जेवतो आणि स्वतःचा शिधा राखतो. शेवटी गुरूंनी त्यालाच स्वयंपाक करायला सांगितले, आणि त्या तिघांच्या शिध्यात चार हजार माणसे जेवली. चमत्कार बाजूला ठेवला तरी लोकांच्या हसण्यातला चुकीचा अंदाज उरतो. त्यांना जी कंजुषी वाटली ती प्रत्यक्षात राखलेली ठेव होती. बाहेरून पाहणाऱ्याला काटकसर आणि चिक्कूपणा यांत फरक करता येत नाही. तो ठरतो शिधा कोणासाठी राखला यावर.

राहिला आनंदाचा प्रश्न. परंपरा या बाबतीत जेवढी कोरडी समजली जाते तेवढी ती नाही. गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला एकाच ओळीत बसवतो. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस सुखवादी म्हणून बदनाम झाला, पण तो साध्या भाकरीपाण्यावर राहणारा होता. त्याने मित्राकडे चीजचे एक भांडे मागवले, केव्हा मेजवानी करावीशी वाटली तर असावे म्हणून. साध्या जेवणाची सवय असलेल्यालाच थोड्या जास्तीची चव कळते, हे त्याचे म्हणणे कोणत्याही जत्रेत पटते. चार दिवस पिठले-भात खाल्लेल्या मुलाला शेगावच्या स्टेशनावरची गरम कचोरी कशी लागते हे रोज बाहेर खाणाऱ्याला सांगून कळणार नाही. पैसे वाचवण्यासाठी मात्र उपवासावर भिस्त ठेवू नये. एकादशीला पंढरपुरात साबुदाण्याची खिचडी, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू यांचे बिल साध्या थाळीला सहज मागे टाकते.

संयम लादता येत नाही, ही मर्यादा शास्त्रानेही मानली आहे. एकादशीचा उपवास आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीखालच्या माणसाला सांगितला आहे; त्याअलीकडचे आणि पलीकडचे मोकळे, आजारीही मोकळे. सहलीच्या खाण्याला तोच न्याय लागू पडतो. बजेट मोठ्यांनी ठरवलेले असते, लहानांनी नव्हे; तेव्हा त्यांच्या बर्फगोळ्याची आणि पेढ्याची रक्कम आधी बाजूला निघावी. मधुमेही आजोबांना पंगतीच्या रांगेत दोन तास उपाशी उभे ठेवणे काटकसरीत बसत असेल, शास्त्रात बसत नाही. त्यांच्यासाठी समोरच्या खानावळीतली थाळी घ्यावी आणि बाकीच्यांनी रांगेत थांबावे.