हूल, थाप आणि वाचक

१

कवी खोटे बोलतो काय, हा प्रश्न साहित्यविचाराला प्लेटोपासून चिकटलेला आहे. फिलिप सिडनीने १५९५ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याला दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे : कवी कोणतेही विधान सत्य म्हणून पुढे करीतच नाही, म्हणून तो असत्यभाषी ठरत नाही. या उत्तराने कल्पित आणि असत्य यांच्यात एक रेषा आखली गेली. परंतु या रेषेच्या कोणत्याच बाजूला नीट न बसणारी एक तिसरी कृती मानवी व्यवहारात आढळते. समोरच्याचा खराखुरा गैरसमज व्हावा अशी तिच्या कर्त्याची इच्छा असते. म्हणून ती केवळ कल्पित नव्हे. परंतु तो कोणतेही विधान करीत नाही आणि आपल्यावर विश्वास ठेवा असेही सांगत नाही. म्हणून रूढ अर्थाने ती असत्यही नव्हे. मराठीत या कृतीला नेमका शब्द आहे : हूल.

आपली भाषा येथे एक सूक्ष्म भेद पाळते. थाप मारली जाते, हूल दिली जाते. थाप शब्दांनी मारायची असते आणि ती ऐकणारा आपल्या शब्दावर विसंबलेला असावा लागतो. हूल मुख्यतः कृतीने दिली जाते आणि ती ज्याला दिली जाते तो सावध प्रतिस्पर्धी असतो. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू एका कोपऱ्याकडे झेपावल्याचा आविर्भाव करून दुसऱ्याच गड्याला स्पर्श करतो, तेव्हा त्याने थाप मारली असे कोणी म्हणत नाही.

हूल केव्हा द्यावी हा कौशल्याचा प्रश्न आणि हूल देणे योग्य काय हा नीतीचा प्रश्न, असे दोन वेगळे प्रश्न सामान्यतः मानले जातात. ते वाटतात तितके वेगळे नाहीत, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. त्यासाठी पोकरच्या ओमाहा नावाच्या प्रकाराचा, आणि त्यातही दोघांतच खेळल्या जाणाऱ्या डावाचा, दाखला घेतला आहे. पोकरमध्ये हूल हा खेळाचा प्रासंगिक अलंकार नसून त्याचे व्याकरणच आहे.

२

ओमाहामध्ये प्रत्येक खेळाडूला चार पाने मिळतात. ती ज्याची त्यालाच दिसतात. मध्यभागी प्रथम तीन, मग एक आणि शेवटी एक अशी पाच पाने उघडली जातात. हातातील चारांपैकी नेमकी दोन आणि मधल्या पाचांपैकी नेमकी तीन घेऊन प्रत्येकाने आपला पाच पानांचा संच सिद्ध करावयाचा असतो. प्रत्येक टप्प्यावर पण लावता येतो. समोरच्याने तेवढी रक्कम टाकावी, ती वाढवावी, अथवा पाने टाकून डाव सोडावा. सर्वाधिक प्रचलित प्रकारात पणाची कमाल मर्यादा मध्ये जमलेल्या रकमेइतकी असते.

समजा, अ आणि ब समोरासमोर बसले आहेत. मध्ये इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी आणि बदामाची चव्वी उघडली. अ जवळ इस्पिकचा एक्का, बदामाची राणी, चौकटचा गुलाम आणि किलवरची दश्शी आहे. राणी, गुलाम किंवा दश्शी यांपैकी आणखी एखादे पान मध्ये पडल्यास त्याची पाच पानांची सलग मालिका पुरी होईल. तो पण लावतो. ब रक्कम भरतो. चौथे पान चौकटची दुर्री. अ पुन्हा पण लावतो, ब पुन्हा भरतो. पाचवे पान पडते इस्पिकची छक्की. अ ची मालिका जुळलेली नाही. त्याच्या हाती साधी जोडीसुद्धा नाही. परंतु मध्ये आता तीन इस्पिक आहेत, आणि हातात दोन इस्पिक असणाऱ्याचा एकरंगी संच, म्हणजे फ्लश, सिद्ध झालेला आहे.

अ जवळ एकच इस्पिक आहे. नेमकी दोन पाने वापरण्याच्या नियमामुळे त्याला फ्लश मिळत नाही. पण ते एक पान एक्का आहे, आणि तो अ च्या हातात असल्यामुळे एक्क्याचा फ्लश, म्हणजे या डावातला सर्वश्रेष्ठ संच, ब जवळ असणे अशक्य आहे. ब जवळ फार तर राणीचा फ्लश असेल. आणि अ काय धरून बसला आहे याची धास्ती त्या राणीला बाळगावीच लागेल. अ आता कमाल पण लावतो. पोकरच्या जाणकारांमध्ये ही एकट्या एक्क्याची हूल प्रसिद्ध आहे.

या हुलीची रचना पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, ती शेवटच्या पानावर सुरू झालेली नाही. ज्याच्याजवळ सुरुवातीपासून एक्क्यासह दोन इस्पिक आहेत, तो पहिल्या दोन टप्प्यांवर असाच वागला असता. अ चे पण एका सुसंगत कथनाची प्रकरणे आहेत. शेवटच्या प्रकरणात अचानक उपटलेल्या वारसासारखा हा पण नाही. दुसरी गोष्ट, त्या कथनात एक अंश अक्षरशः खरा आहे : एक्का खरोखरच अ जवळ आहे. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे कथन वाचू शकेल असा वाचक समोर असला पाहिजे. पहिल्या दोन पणांचा अर्थ जो लावीत नाही, हाती फ्लश आला की जो डोळे मिटून रक्कम टाकतो, त्याला ही हूल लागू पडत नाही. वोल्फगांग इझरने मांडलेली गर्भित वाचकाची संकल्पना येथे अनपेक्षितपणे मूर्त होते : हुलीची संहिता ज्या वाचकाला गृहीत धरून रचलेली असते, तो प्रत्यक्षात समोर नसेल तर ती संहिताच निष्फळ ठरते.

आक्रमक हूल केव्हा द्यावी याचे कौशल्याच्या बाजूचे उत्तर यातून मिळते. आधीच्या चालींशी ती सुसंगत असावी, हातातले एखादे पान प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम संचाची वाट अडवीत असावे, आणि प्रतिपक्ष वाचू शकणारा, व वाचून डाव सोडू शकणारा, असावा. धाडसाचा यात फारसा संबंध नाही.

३

जॉन फॉन नॉयमनने १९२८ च्या आपल्या निबंधात आणि पुढे ऑस्कर मॉर्गनस्टर्नसह १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथात खेळांचे जे गणित मांडले, त्यात पोकरला मानाचे स्थान आहे. दोन खेळाडूंच्या सोप्या केलेल्या पोकरचे विश्लेषण करताना त्याने दाखविले की उत्तम डावपेचात हूल अपरिहार्य असते, आणि ती मध्यम हातांनी न देता दुबळ्यांत दुबळ्या हातांनी द्यावयाची असते. तिचा हेतूही दुहेरी असतो. दुबळा हात बलवान भासावा हा एक. आणि बलवान हाताने लावलेला पण कधीतरी हूल असू शकतो अशी शंका जिवंत राहावी हा दुसरा. कधीच हूल न देणाऱ्याच्या खऱ्या पणाला कोणी रक्कम भरणार नाही.

यातील प्रमाण साध्या अंकगणिताने काढता येते. मध्ये १०० जमले आहेत व अ १०० चा पण लावतो. ब ला १०० भरून २०० मिळविण्याची संधी आहे. म्हणजे तीन वेळांत एकदा जरी तो बरोबर ठरला तरी त्याचे नुकसान नाही. म्हणून अशा पणांपैकी अ चे एकतृतीयांश पण हुलीचे असतील, तर ब ने रक्कम भरली काय किंवा डाव सोडला काय, सरासरीत फरक पडत नाही. पण लहान असेल तर हुलीचा वाटा याहूनही कमी हवा. तात्पर्य, कमाल पणाच्या मर्यादेतसुद्धा प्रत्येक हुलीमागे दोन खरे पण उभे असावे लागतात. हूल ही सत्याच्या भांडवलावर जगते.

कांटने १७९७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असत्याला सरसकट नकार दिला. सर्वांनीच खोटे बोलण्याचा नियम केला तर बोलण्यावरील विश्वासच संपेल, ही त्याच्या विचाराची दिशा होती. हूलही सरसकट केली तर संपते, हे वरील गणितच सांगते. परंतु दोहोंत भेद आहे. थाप विश्वासाच्या संस्थेत राहून गुपचूप तिचा अपवाद करते. हुलीचे प्रमाण मात्र प्रतिपक्षाला तत्त्वतः ठाऊक असू शकते, आणि ठाऊक असूनही ती निष्प्रभ होत नाही. मला अमुक प्रमाणात हूल द्यावयाची आहे, असे टेबलावर जाहीर करूनही खेळता येते. मी तुम्हाला अमुक प्रमाणात थापा मारीन, असे जाहीर करून मित्रत्व करता येत नाही.

२०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांच्या लिब्रेटस या संगणकप्रणालीने दोघांतच खेळल्या जाणाऱ्या होल्डेम या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या स्पर्धेत पराभूत केले. तिच्या खेळात हूल होती. फसविण्याचा हेतू मात्र तिच्या ठायी कोठे दाखविता येत नाही. हूल म्हणजे कपटी स्वभावाचा उद्रेक ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

४

तरीही ‘हा खेळाचाच भाग आहे’ एवढे म्हटल्याने प्रश्न मिटत नाही. द्रोणपर्वातील प्रसंग आठवावा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. आपला पुत्र मेला काय, असे द्रोणांनी युधिष्ठिराला विचारले, आणि युधिष्ठिराने अर्धसत्य उच्चारले. रचना पाहिली तर ही एकट्या एक्क्याचीच हूल आहे : एक अंश खरा, आणि त्याच्या बळावर उभा केलेला खोटा अन्वयार्थ. युद्धात हूल वर्ज्य नसते. मग युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली का आला? माझ्या मते त्याचे उत्तर द्रोणांच्या प्रश्नात आहे. द्रोणांनी शत्रूच्या चालीचा अर्थ लावला नाही; त्यांनी शंका बाजूला ठेवून, तो खोटे बोलणार नाही या भरवशावर, एका माणसाला विचारले. त्या क्षणापुरते ते खेळाच्या बाहेर आले होते. खेळाबाहेर आलेल्याला दिलेली हूल ही थाप असते.

आल्बर्ट कार यांनी १९६८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये व्यापाराला पोकरची उपमा देऊन त्यातील हुलीचे समर्थन केले होते. त्या समर्थनातील उणीवही हीच. ग्राहक आणि कामगार टेबलावर येऊन बसलेले नसतात. नियमही त्यांना कोणी सांगितलेले नसतात.

परंतु टेबलावर येऊन बसणे म्हणजेच संमती, हे तरी पूर्णतः खरे आहे काय? वरच्या डावात ब ने पाने टाकली असे समजू. अ चे कथन वाचून टाकली असतील, तर तो एका वाचकाचा पराभव आहे आणि त्यात अवमान नाही. पण आणखी शंभर गेले तर घरभाडे देता येणार नाही, या भीतीने टाकली असतील तर? तेथे कथनाची गरजच उरलेली नाही. कोणताही मोठा पण पुरेसा आहे. हुलीचा लाभ येथे सर्वाधिक असतो आणि तिचा नैतिक आधार नेमका येथेच नाहीसा होतो. ब ला हूल वाचण्याची साधने आहेत, पण वाचनानुसार वागण्याचे स्वातंत्र्य नाही. भारताच्या संसदेने २०२५ साली पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच्या इष्टानिष्टतेविषयी मतभेद संभवतात. परंतु खेळणाऱ्याची संमती कितपत मोकळी असते हा त्यामागील प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

यावर एक आक्षेप येईल : समोरचा कोणत्या कारणाने पाने टाकतो हे अ ने कसे जाणावे? हा आक्षेप अनोळखी माणसांच्या गर्दीत एखादा डाव खेळणाऱ्याच्या तोंडी शोभेल. दोघांच्याच खेळात तो शोभत नाही. तेथे तिसरा कोणी नसतो. शेकडो डाव तोच चेहरा, तोच विलंब, तेच पण वाचीत राहणे हीच तेथील विद्या असते. प्रतिपक्षाच्या हातातील न दिसणारी पाने आपण वाचू शकतो, असा ज्याचा दावा आहे, त्याला समोरच्या चेहऱ्यावरची भीती वाचता आली नाही असे म्हणण्याची सोय नाही.

हूल केव्हा द्यावी या प्रश्नाची कौशल्याची आणि नीतीची उत्तरे म्हणूनच पुष्कळ अंतरापर्यंत एकत्र चालतात : वाचू शकणाऱ्याला द्यावी, डाव सोडण्यास वा न सोडण्यास मोकळ्या असलेल्याला द्यावी. ती विभक्त होतात ती भ्यालेल्या माणसासमोर. तेथे कौशल्य म्हणते, पण वाढव. नीतीला तेथे एवढेच म्हणता येते की हा आता तुझा वाचक राहिलेला नाही. याला उठू दे.