आधी लिहून काढ

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची ही गोष्ट. घरचे आणि गावातले सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांचा स्वभाव असा की काही कमी पडलं की त्याहून मोठं आणायचं. पाच एचपीची मोटर पाणी ओढेना, साडेसातची बसवा. फवारणीला ब्लोअर पुरेना, मोठा ट्रॅक्टर घ्या. बागेत हे बहुतेक वेळा निभावून गेलं, कारण द्राक्षाला भाव मिळाला की चुका झाकल्या जातात.

आबांनी साठी ओलांडल्यावर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची घरगाडी केली. मागे दोन बिछाने, लहान फ्रीज, पंखे, ओटा. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आबांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या पत्नीला, माईंना, हॉटेलातलं जेवण आवडत नाही, एवढंच कारण पुरेसं होतं. फ्रीज-पंख्यांसाठी इन्व्हर्टरच्या असतात तशा दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या मागे ठेवल्या आणि एका रिलेमार्फत इंजिनच्या अल्टरनेटरला जोडल्या. गाडी धावली की बॅटऱ्या भरायच्या. सावकाश भरायच्या, पण भरायच्या.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला हे सावकाशपण खटकलं. त्याने जुन्या बॅटऱ्या काढून २०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम बसवली. निम्म्याहून कमी वजन, आयुष्य कितीतरी जास्त, यात खोटं काही नव्हतं. त्याच झटक्यात पुढून मागे गेलेली बारीक वायर काढून त्याने बोटाएवढी जाड वायर टाकली. रिले तोच ठेवला.

मे महिन्यात एप्रिल छाटणी उरकून मंडळी कोकणात गेली. येताना कसारा घाटात ट्रकांची रांग लागली होती. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती आणि दुपारचं ऊन टपावर होतं. घाटमाथ्यावर आधी वार्निश जळाल्यासारखा वास आला, मग डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. जुनं डिझेल इंजिन, त्यामुळे दिवे-पंखे बंद ठेवून गाडी इगतपुरीहून नाशिकपर्यंत कशीबशी आली. द्वारका भागातल्या एका दुकानदाराने अल्टरनेटर उघडून काळी पडलेली वाइंडिंग दाखवली. "हा ९० अँपिअरचा आहे. तुमचा लोड वाढलाय, १५० चा टाका."

आबांना असला सल्ला पटायला वेळ लागत नाही. १५० चा बसला. चौथ्या दिवशी पट्टा किंचाळायला लागला आणि बॉनेट उघडलं तर आत काळी भुकटी पसरलेली. दुकानदाराचं नवं निदान तयारच होतं: रुंद पट्टा, नवीन पुली, आणि जमलं तर आणखी मोठा अल्टरनेटर.

इथे माई बोलल्या. "सातपूरच्या मिस्तरींना एकदा दाखवा." हे मिस्तरी तरुणपणी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत उमेदवारी केलेले, आता मायको सर्कलच्या पुढे छोटं दुकान चालवणारे. त्यांच्याकडे भिंतीवर बॅटरीच्या जाहिराती नव्हत्या, करंट मोजायचा एक क्लॅम्प मीटर आणि एक तापमान मोजायची बंदूक तेवढी खिळ्याला टांगलेली.

मिस्तरींनी गाडी सुरू ठेवायला सांगितली, जाड वायरीला क्लॅम्प लावला आणि आबांच्या नातवाला म्हणाले, "वाच रे."

"अठ्ठ्याण्णव."

"आता ही बंदूक अल्टरनेटरवर धर. दर दोन मिनिटांनी आकडा सांग."

पोराने सांगितलं. सत्तर. ऐंशी. सत्त्याण्णव. एकशे दहा. मिस्तरींनी इंजिन बंद केलं.

"आबा, गाडी उभी आहे, म्हणजे इंजिन हळू फिरतंय. अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच दांड्यावर, तोही हळू. वारा कमी, काम पूर्ण. घाटात तुमचं हेच झालं."

"पण आधीच्या बॅटऱ्या होत्या तेव्हा वर्षभर काही झालं नाही, मिस्तरी."

"त्या बॅटऱ्या पोट भरत आलं की आपणहून हात आखडता घेतात. आणि तुमची जुनी वायर बारीक होती. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, करंट कमी जातो. ती वायर नकळत राखण करत होती. मुलाने जाड टाकली, काही चूक केली नाही, पण राखणदार गेला. लिथियमचं तसं नाही. जवळजवळ भरेपर्यंत ती मिळेल तेवढं ओढत राहते."

नातू म्हणाला, "मग अल्टरनेटर कमी का देत नाही?"

मिस्तरी हसले. "त्याच्या रेग्युलेटरला एकच कळतं. व्होल्टेज खाली आलं की जास्त द्यायचं. आपण किती तापलोय हे साध्या रेग्युलेटरला कळतच नाही. म्हणून मोठा आणला तरी तोही जळेपर्यंत देतो. आणि भरत आल्यावर बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या सर्किटने, एकदम दार लावलं तर व्होल्टेज उसळतं, मग डायोड जातात."

आबांनी खिशातून फोन काढला. कुठल्यातरी २०० अँपिअरच्या अल्टरनेटरचा फोटो होता त्यात. मिस्तरींनी तो बघितलाही नाही. बिलबुकाचं एक पान उलटं करून पोरापुढे ठेवलं. "गाडीत दिवसाला किती लागतं ते लिही."

मला वाटतं, सगळ्या गोष्टीत खरं काम एवढंच झालं, आणि ते कोणी आधी केलं नव्हतं. मुलाने नाही, दुकानदाराने नाही, पैसे मोजणाऱ्या आबांनी तर नाहीच. फ्रीज चार अँपिअर घेतो, पण कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो, म्हणजे चोवीस तासांचे ४८ एएच. दोन पंखे रात्री आठ तास, २४. दिवे ४. मोबाइल ५. माईंची चटणी? मिक्सर इन्व्हर्टरवर चाळीस अँपिअर ओढतो हे ऐकून माई दचकल्या. "पण पाचच मिनिटं ना," मिस्तरी म्हणाले, "साडेतीनच्या आतच होतात, चार धरा."

बेरीज ८५.

"दिवसाला गाडी किती तास चालते?"

"चारेक तास तरी."

"मग तासाला तीस दिले तरी चार तासांत एकशेवीस. पस्तीस उरतात. आबा, दीडशेचं काय करायचं होतं?"

आबा काही बोलले नाहीत. मिस्तरींनी मधे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवायचा ठरवला. समोरून कितीही येवो, तो साधारण पस्तीस घेतो आणि मागच्या बॅटरीला तीसच देतो, तेही लिथियमला हव्या त्या व्होल्टेजने. इंजिन बंद झालं की तोही बंद, म्हणजे पुढची स्टार्टर बॅटरी रिकामी व्हायची भीती नाही. जाड वायर तशीच राहू दिली, कारण जाड वायर तापत नाही. फक्त तिच्या दोन्ही टोकांना फ्यूज घातले. मुलाने एकाच टोकाला घातला होता. वायरीच्या दोन्ही बाजूंना बॅटरी असते, मधे कुठे घासून शॉर्ट झाली तर आगीला दोन्हीकडून करंट मिळतो. घरगाड्या करणारे नेमकं हेच विसरतात.

चार्जर लागल्यावर क्लॅम्पवर पस्तीस आले आणि तिथेच थांबले. आबा बराच वेळ आकड्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "अहो, हे तर ठिबक झालं!"

पाट सोडून ठिबकवर आलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नसते. मिस्तरींनीही सांगितलं नाही.

मूळचा ९० चा अल्टरनेटर रिवाइंड करून परत बसला. बसवताना मिस्तरींनी त्याच्या पाठीला असलेला व्हॅक्यूम पंपही तपासला. पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकचा जोर त्या पंपावर असतो. अल्टरनेटर बिघडला म्हणून कोणी पट्टाच कापून गाडी रेटली तर ब्रेक दगडासारखा होतो, आणि पुढे घाट असतो. १५० चा अल्टरनेटर एका ट्रॅव्हलर रुग्णवाहिकेच्या मालकाने निम्म्या किमतीत घेतला. त्याच्या गाडीत उपकरणं सतत चालू असतात, त्याला त्याची खरोखर गरज होती.

बिल झालं चार्जर, फ्यूज, रिवाइंडिंग आणि मजुरीचं. मोठ्या अल्टरनेटरवर गेलेल्या पैशांपेक्षा ते कमी होतं, हे आबांनी घरी कोणाला सांगितलं नाही. माईंनी सांगितलं.

पुढच्या छाटणीनंतर मुलाचा फोन आला. फ्रीज जरा लहान पडतो, दुप्पट मोठा घेऊया, त्याला आणखी एक बॅटरी लागेल. आबा म्हणाले, "घेऊ की. आधी लिहून काढ."

त्याने लिहून काढलं. फ्रीज तोच आहे.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, किंवा करायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि रोजचा खर्च एएचमध्ये मांडा. आणि क्लॅम्प मीटर लावायचाच तर सकाळी थंड इंजिनावर लावू नका. बॅटरी अर्धी रिकामी असताना, घाट चढून आल्यावर, गाडी उभी ठेवून लावा. खरा आकडा तेव्हा दिसतो.