जागेचे देणे

२०२३ च्या उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला गेलो होतो. तो नोकरी करतो तो भाग कॅनरी वॉर्फ. टेम्स नदीच्या वळणात, जुन्या गोदीच्या पाण्यात खांब रोवून उभे केलेले काचेचे मनोरे. त्यांतला ‘वन कॅनडा स्क्वेअर’ २३५ मीटर उंच, १९९१ साली पुरा झालेला. मुलगा कौतुकाने दाखवत होता, मीही कौतुकाने पाहत होतो. तेवढ्यात धक्क्यावर शोभेसाठी जपून ठेवलेल्या जुन्या क्रेन दिसल्या आणि मला आबांची आठवण झाली.

आबा, म्हणजे माझे वडील, खानापूर तालुक्यातले आपले खेडे सोडून मुंबईला गिरणीत गेले. पहिली काही वर्षे ‘बदली’ होते. रोज सकाळी भोंग्याआधी फाटकाशी उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर काम, नाही तर खोलीवर परत. पुढे कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आबा वळकटी घेऊन गावी आले ते कायमचेच. बऱ्याच वर्षांनी मी त्यांना घेऊन मुंबईला गेलो, तेव्हा गिरणीच्या जागी काचेची कचेरी उभी होती. चिमणी मात्र राखली होती. आबा बराच वेळ वर बघत राहिले. म्हणाले, “धुरांडं ठेवलंय की रं. आमास्नी न्हाई ठेवलं.” त्या दिवशी मी त्या इमारतीला मनोमन शिव्या घातल्या.

मग मुलाच्या इमारतीला का नाही? तिच्या पगारावर माझे विमानाचे तिकीट निघाले म्हणून?

हा प्रश्न घेऊनच मी जवळच्या वखारीत गेलो. तिथे आता गोदीचे संग्रहालय आहे. ही वेस्ट इंडिया गोदी १८०२ साली उघडली. गुलामांच्या घामातून पिकलेली साखर इथे उतरे. गोदी उभारण्यात पुढाकार घेणारा रॉबर्ट मिलिगन हा स्वतः गुलामांचा मालक होता. त्याचा दारातला पुतळा २०२० साली हलवला गेला. लंडनच्या गोद्यांतले हमाल रोज सकाळी फाटकाशी गर्दी करीत आणि मुकादम बोट दाखवील त्यालाच काम मिळे. थेट आमचे बदली! १८८९ साली त्यांनी मोठा संप केला. मागणी होती तासाला सहा पेन्स आणि बोलावले तर निदान चार तासांचे काम.

म्हणजे जुने ते सोने असेही नव्हे. पुढे कंटेनर आले, मोठी जहाजे नदीच्या मुखाकडे थांबू लागली आणि १९८० साली ही गोदी बंद पडली. कोणी दुष्टाव्याने बंद केली, असे म्हणता येणार नाही. काळ बदलतो, हे खरेच आहे. पण या वाक्याचा एक धोका आहे. ते बहुतेक वेळा ज्याचे काही गेलेले नसते तोच म्हणतो.

आपण सीमाभागातली माणसे ‘जमीन कुणाची’ हा वाद पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. मला वाटते, इथे प्रश्न थोडा निराळा विचारावा: जमिनीचे मोल कुणी वाढवले आणि ते वाटताना कुणाची आठवण ठेवली? लंडनला सरकारने १९८२ पासून दहा वर्षे तिथल्या धंद्यांना स्थानिक कर माफ केला. ही सवलत सर्वांच्या खिशातून गेली. पण पोती वाहून पन्नाशीला आलेल्या हमालाला बँकेत कोण घेणार? मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते: मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ साली नियम बदलला. आधीच्या दोन वाट्यांसाठी फक्त रिकामी जमीन मोजायची, इमारतींखालची नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. कायद्याने ते योग्य ठरले. आबांच्या हिशेबात मात्र ते कधीच बसले नसते.

म्हणून नवी इमारत बांधणे हे मला पाप वाटत नाही. चिमणी राखली, क्रेन रंगवली, म्हणजे देणे फिटले असे मानणे, हे मला खोटे वाटते. आठवण ही पावती आहे. पावती दाखवून कर्ज फिटत नाही.

रात्री मुलाला हे सगळे सांगितले. तो गप्प झाला. मग म्हणाला, “बाबा, म्हणजे मी नोकरी सोडू का?”

“नको,” म्हणालो. “सोडून कुणाचे काय भले होणार? पण त्या कचेरीत रात्री फरशी पुसायला येतात, त्यांना कामावर कोण घेतो आणि किती दिवसांसाठी, एवढे एकदा विचारून बघ.”

आठवड्याने तो म्हणाला, “विचारलं. कंत्राटी आहेत.”

पुढे आम्ही दोघेही काही बोललो नाही. मुंबईच्या इमारतीला घातलेल्या शिव्या मी अजून परत घेतलेल्या नाहीत. फक्त त्यांत आता माझ्या ताटातला घासही धरतो.