फलकावरचा गुण

कबड्डीचा सामना रंगात आला की आपल्या मुळशी तालुक्यातही प्रेक्षकांतून एक टोमणा हमखास ऐकू येतो : "नुसती रेषा ओलांडून परततो, गड्याला हात लावायची छाती नाही!" रोख असतो बोनस गुणावर. समोर किमान सहा गडी असताना चढाई करणाऱ्याने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा अधांतरी ठेवला की एक गुण मिळतो. प्रतिस्पर्ध्याला न भिडता मिळवलेला हा गुण हलका मानावा काय?

नियमांनी याचे उत्तर मोठ्या शहाणपणाने दिले आहे. फलकावर बोनस आणि स्पर्श यांचे मोल सारखेच. परंतु स्पर्शाने प्रतिपक्षाचा गडी बाद होतो आणि आपला बाद झालेला सोबती मैदानात परततो. बोनसने यातले काहीच घडत नाही. शिवाय २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाई करणारा बाद. सावधपणाला मुभा आहे, टाळाटाळीला नाही.

रग्बीतही हाच वाद आहे. चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला तर ५ गुण; धावत्या खेळात चेंडूचा टप्पा पाडून तो खांबांमधून लाथाडला तर ३. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनने जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटात अशीच लाथ मारली आणि ऑस्ट्रेलिया १७–२० असा हरला. ती लाथ भित्रेपणाची नव्हती. सोबत्यांनी अंगावर धडका घेत चेंडू पुढे नेला, म्हणूनच ती शक्य झाली.

ॲरिस्टॉटलने धैर्याला भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्यामध्ये बसविले. हा मध्य मोजपट्टीने सापडत नाही. सोबती बाहेर ताटकळत असता स्वतःपुरते बोनस वेचणारा जसा चुकतो, तसाच अखेरच्या मिनिटात संघ एका गुणाने पुढे असताना टाळ्यांसाठी सात जणांत झेप घेणाराही चुकतो. एक भीतीचा दास, दुसरा कौतुकाचा; दोघेही संघाला विसरलेले.

म्हणून, पालकहो, खेळून आलेल्या मुलाला "किती गुण काढलेस?" एवढेच विचारू नका. "बाद झालेल्या कुणाला परत आत आणलेस का?" हेही विचारा. पहिल्याचे उत्तर फलक देतोच. दुसऱ्याचे त्याने स्वतः शोधायचे आहे.