नावाची परतफेड

चोरलेली वस्तू परत करता येते. चोरलेले नाव परत कसे करावयाचे, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. तो ग्रंथांतच राहील असे आम्हांला वाटत होते. पण गेल्या नाताळच्या आधी तो आमच्या ओळखीच्या एका साध्या घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधताना आमचीही परीक्षा झाली. त्या परीक्षेत आम्ही पहिल्या फेरीत नापास झालो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

वसई परिसरातील एका धर्मग्रामात राहणारे हे जोडपे. कारखाना बंद पडल्यावर नवऱ्याने नोकरीची आशा सोडली आणि बायकोच्या हातच्या चवीवर दोघांनी घरगुती व्यवसाय उभा केला. नाताळात केक आणि नेवऱ्या, एरवी बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी. मुलीने इंटरनेटवर व्यवसायाचे पान उघडून दिले होते. त्यावर जेमतेम बारा गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहिले होते, पण ते चांगले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री त्या पानावर आणखी अकरा अभिप्राय उमटले. प्रत्येकाचा एकच तारा. कुणी लिहिले, अन्नात केस निघाला. कुणी लिहिले, घरातली चार माणसे आजारी पडली. कुणी लिहिले, पैसे घेतले आणि जेवण आलेच नाही. साडेचारांच्या वर असलेली ताऱ्यांची सरासरी सकाळपर्यंत तीनच्या खाली उतरली.

त्या आठवड्यात बाप्तिस्म्याच्या तीन ऑर्डरी रद्द झाल्या. मुलीच्या कॉलेजच्या फीचा हिशेब त्यांच्यावरच बसवलेला होता. पण पैशांहून वेगळेच काहीतरी त्या बाईंना लागले. दोन शेजारणींनी हळूच विचारले, "खरंच का गं?" पुढच्या रविवारी मिस्सेला त्या नेहमीच्या जागेवर न बसता शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

सल्ला विचारायला ती दोघे आमच्याकडे आली. आम्ही तत्काळ तोडगा सुचवला. धर्मग्रामातील युवक-युवतींचा गट आमच्या परिचयाचा होता. त्यांतल्या पन्नास जणांना सांगून पाच-पाच तारे द्यायला लावले, की अकरा वाईट अभिप्राय बुडून जातील! आमची युक्ती आम्हांलाच फार आवडली. नवरा तयार झाला. बाई मात्र मान हलवीत म्हणाल्या, "ज्यांनी आमच्या घरचा घास चाखला नाही, ते चव कशी सांगणार? ते अकरा खोटे, तसे हे पन्नासही खोटेच की."

आम्ही निरुत्तर झालो. खोट्या साक्षीला मनाई करणारी आठवी आज्ञा आपण लहानपणापासून पाठ करतो. पण खोटी साक्ष म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फक्त निंदा येते. न चाखलेल्या अन्नाची स्तुती हीदेखील खोटी साक्षच आहे. तिने फसतो तो वाचणारा अनोळखी माणूस, आणि त्याचा तर आपल्याशी काहीच तंटा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात परनिंदा आणि खोटा आळ यांच्याच शेजारी खुशामतीचाही विचार केलेला आहे, तो उगीच नव्हे. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की या बाबतीत कायदाही त्या बाईंच्याच बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक जाहीर केले. ते ऐच्छिक असले, तरी विकत घेतलेल्या किंवा माणसे लावून लिहवून घेतलेल्या अभिप्रायांना त्यात थारा नाही.

मग आम्ही तिघे एका वकील स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "या अकरांपैकी खोटे किती?"

आम्ही चकित झालो. अकराही खोटे, हे आम्ही गृहीतच धरले होते. वकिलांनी ऑर्डरींची वही मागवली आणि एकेक अभिप्राय तिच्याशी ताडून पाहायला सांगितले. ते काम करताना आम्हांला दानिएलाच्या पुस्तकातील तेरावा अध्याय आठवला. सुसान्नेवर दोन वडीलधाऱ्यांनी आळ घेतला आणि त्यांच्या मानमरातबाकडे पाहून सभेने तो खराही मानला. तरुण दानिएलाने दोघांना वेगवेगळे केले आणि एकच साधा प्रश्न विचारला : ते झाड कोणते होते? दोघांनी दोन झाडे सांगितली. निरपराध स्त्री वाचली ती रागाने नव्हे, तपशिलाने. आमच्या दहा अभिप्रायांचेही तसेच झाले. त्या नावांची ऑर्डर वहीत नव्हती. जेवण आलेच नाही म्हणून ज्या रविवारचा दाखला दिला होता, त्या रविवारी ही माणसे लग्नाला नाशिकला गेली होती. चौघे आजारी पडल्याची तक्रार ज्या पदार्थाबद्दल होती, तो पदार्थ या घरात कधी होतच नव्हता.

अकरावा अभिप्राय मात्र वहीशी जुळला. तारीख जुळली, केकचे वजन जुळले. त्या दिवशी भट्टी बिघडल्यामुळे आदल्या दिवशीचा केक दिला गेला होता आणि ते गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते. बाईंना ते आठवले. नवरा रागाच्या भरात म्हणाला, "दहांबरोबर हाही काढून टाका. कुणाला कळणार आहे?"

सर्व प्रश्नाचे मर्म या वाक्यात आहे, असे आम्हांला वाटते. आपली बदनामी झाली म्हणजे आपल्याविरुद्धचे प्रत्येक वाक्य खोटे ठरत नाही. खोट्याच्या गर्दीत एक खरी तक्रार सापडली, तर तिलाही खोट्यांच्या रांगेत उभे करून घालवण्याचा मोह होतो. पण तो केक खाणारी बाईसुद्धा आपली शेजारीणच आहे. तिचे खरे बोलणे खोटे ठरवून पुसून टाकले, तर खोटा आळ घेणारे आता आपण झालो.

कायद्यानेही ही रेघ आखली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे अब्रुनुकसानी हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यास आहे. पण लोकहितासाठी सांगितलेले सत्य आणि सद्भावनेने दिलेले मत यांना त्याच कलमात अपवाद म्हणून जागा दिली आहे. "मला चव आवडली नाही" असे लिहिणाऱ्यावर कायदा हात टाकीत नाही, आणि टाकूही नये.

मग दहांचे काय? वकिलांनी मार्ग क्रमाने समजावून दिला. तो इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवतो. प्रथम पुरावा जपावा. प्रत्येक अभिप्रायाचे तारखेसह चित्र आणि पानाचा पत्ता जतन करावा, कारण लिहिणारा ते केव्हाही पुसून पसार होऊ शकतो. प्रकरण न्यायालयात गेले, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. दुसरी पायरी म्हणजे संकेतस्थळाकडे तक्रार. "आमची बदनामी झाली" एवढेच न लिहिता, हा अभिप्राय खऱ्या अनुभवावर आधारलेला का नाही, हे एकेकाबाबत दाखवावे. दखल घेतली नाही, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अपील समितीकडे तीस दिवसांत जाता येते.

याही उपायाने भागले नाही, तर न्यायालय. दिवाणी दाव्यात भरपाई मागता येते आणि मजकूर काढण्याचा मनाई हुकूमही मागता येतो. पण मानहानीच्या दाव्याला प्रसिद्धीपासून एकच वर्षाची मुदत आहे. लिहिणारा अज्ञात असला, तरी दावा अडत नाही. आपल्याकडची न्यायालये अज्ञात प्रतिवादीला "अशोक कुमार" असे नाव देऊन आदेश काढतात आणि खात्यामागे कोण आहे ते उघड करण्यास कंपनीला सांगू शकतात. फौजदारी मार्गाने जायचे, तर बाधित व्यक्तीने दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावयाची असते.

"आमची बाजू इतकी उघड असताना कंपनी लगेच का काढीत नाही?" नवऱ्याने विचारले. वकिलांनी २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्याचा निकाल सांगितला. कुणाही खासगी माणसाने तक्रार केली, की मजकूर खरा की खोटा याचा निवाडा कंपनीनेच करावा, असे बंधन कायद्याच्या कलम ७९ खाली नाही. न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश आल्यावर मात्र तिला तो पाळावा लागतो. निरपराधाला हा विलंब जाचक वाटतो, आम्हांलाही वाटला. पण प्रत्येक दुकानदाराच्या नुसत्या शब्दावर अभिप्राय पुसले जाऊ लागले, तर शिळ्या केकची खरी तक्रार एक दिवसही टिकणार नाही.

शेवटी काय झाले? तपशीलवार तक्रारीनंतर दहांपैकी सात अभिप्राय निघाले. तीन अजून तसेच आहेत. त्या तिन्हींखाली बाईंनी दोनच ओळी लिहिल्या : या नावाची ऑर्डर आमच्या वहीत सापडत नाही, कृपया तारीख कळवावी. तारीख कुणीही कळवली नाही. खर्च आणि वर्षानुवर्षांच्या फेऱ्या यांचा विचार करून त्यांनी दावा केला नाही. अन्याय सहन करणे हाच धर्म, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. न्याय मागणे हा अधिकार आहे आणि कधी कधी ते कर्तव्यही असते. त्यांनी आपल्या घराची ताकद पाहून निर्णय घेतला, एवढेच.

अकराव्या अभिप्रायाचे पैसे त्यांनी स्वतः नेऊन दिले, चूक कबूल केली आणि अभिप्राय काढा असे एका शब्दानेही सुचवले नाही. सुचवले असते, तर ती परतफेड न राहता सौदा झाला असता.

हे सर्व कुणी केले, ते आजही ठाऊक नाही. नवऱ्याचा एका व्यावसायिकावर संशय होता आणि ते नाव चारचौघांत घ्यायची त्याला घाई झाली होती. बायकोने अडवले. पुराव्यावाचून ते नाव उच्चारले असते, तर बारावा खोटा अभिप्राय आपल्याच हातून लिहिला गेला असता.

आता ज्याने तो मजकूर लिहिला, त्याच्याविषयी. संत थॉमस अक्विनास यांनी नावाच्या परतफेडीचा विचार पैशांच्या परतफेडीच्या बरोबरीने केला आहे. ज्याने खोटे बोलून दुसऱ्याचे नाव नेले, त्याने आपण खोटे बोललो हे सांगून ते परत करावे. तसे करणे शक्यच नसेल, तर अन्य मार्गाने भरपाई करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. या कसोटीवर मध्यरात्री गुपचूप अभिप्राय पुसून टाकणे अपुरे ठरते. पान कोरे होते, पण वाचणाऱ्याच्या मनातला केस अन्नातच राहतो. संत फिलिप नेरी यांच्या नावावर सांगितली जाणारी कोंबडीच्या पिसांची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. कायदा पानावरची पिसे वेचून देईल. रद्द झालेल्या तीन ऑर्डरी आणि शेवटचा बाक यांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तेथे पोहोचण्याचे काम लिहिणाऱ्याचे आहे, आणि तो पुढे आला नाही तर काही अंशी आपले. वहीत न पाहता, विचारपूस न करता ऑर्डर रद्द करणारे आपणच होतो. "खरंच का गं?" हा प्रश्नसुद्धा आपलाच होता.

त्या वकिलांकडून परतताना आमच्या ध्यानात आले, की कितीतरी वर्षे आम्ही या घरच्या नेवऱ्या खात आलो आहोत. पण त्यांच्याविषयी चांगला किंवा वाईट, एक शब्दही कोठे लिहिला नाही. पन्नास जणांकडून खोटे लिहवून घ्यायला निघालेल्या आम्हांला स्वतःचे खरे लिहायला सवड झाली नव्हती! त्या संध्याकाळी आम्ही लिहिले : यांची आमची ओळख आहे, सारण ताजे असते, पारी खुसखुशीत असते, आणि एका नाताळला ऑर्डर दोन तास उशिरा पोहोचली होती. चार तारे दिले. पाचवा का दिला नाही, असे बाईंनी विचारले नाही.