कोणाच्या हातचे?

सर्वणहून परगावी निघणाऱ्याला पूर्वी घरची शिदोरी मिळे. वाटेत मुक्काम पडला तर एखाद्या देवस्थानची अग्रशाळा असे. याखेरीज तिसऱ्या कोणाचे अन्न पुढे आले, की घास उचलण्याआधी एकच प्रश्न उठे : कोणाच्या हातचे? मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली आणि दूरदेश पेडणे-डिचोलीच्या उंबरठ्याशी आला. तेव्हा हा प्रश्न पुन्हा तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निमित्त घडले ते आमच्या काकींच्या जपानच्या प्रवासाचे. मुलाकडे गेलेल्या काकी एका सोमवारी आगगाडीने निघाल्या होत्या. सोमवार म्हणजे शिवराक. मुलाने त्यांना 'कोन्बिनी'त नेले. बहुधा रात्रंदिवस उघडी असणारी ही छोटी दुकाने त्या देशात ५०,००० हून अधिक आहेत. मूळच्या अमेरिकन सेव्हन-इलेव्हनचे तेथील पहिले दुकान १९७४ साली तोक्योच्या तोयोसू भागात निघाले. मुंबईत अंधेरीला ते पोहोचले २०२१ साली.

तेथे प्रवासी घेतो ती ओनिगिरी. भाताचा त्रिकोणी गोळा, पोटात सारण, बाहेरून समुद्रशेवाळाचा पापुद्रा. घरी ती मुठीत दाबून करतात, दुकानासाठी कारखान्यात. भाताच्या ओलाव्याने पापुद्रा मऊ पडू नये म्हणून दोहोंमध्ये पातळ पडदा घालतात. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. त्या क्रमाने ओढले की पडदा निघून येतो आणि पापुद्रा भाताला बिलगतो. कधीही न भेटणाऱ्या वाटसरूच्या दाताखाली तो कुरकुरीत लागावा, एवढ्यासाठी ही यातायात! धंदा म्हणून का होईना, ज्याने ही युक्ती योजली त्याच्या आतिथ्यबुद्धीला नावे ठेवणे आम्हांस तरी जमणार नाही.

काकींना हवी होती खारवलेल्या 'उमे' फळाची ओनिगिरी. चवीने ते फळ आपल्या मिठातल्या तोरांचे भावंडच. पण जपानात कात्सुओ नावाची मासळी उकडून, धुरावून, वाळवून तिचा अर्क कोठेही घालतात, जसे आपण खोबरे. गहू, अंडे, दूध, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा यांचा निर्देश वेष्टनावर कायद्याने सक्तीचा आहे. कात्सुओ त्या यादीत नाही. शिवराक पाळणाऱ्याची फसगत होते ती येथे. मुलाने बारीक जपानी अक्षरे एकेक करून वाचली. दोन ओनिगिऱ्या परत ठेवल्या, तिसरी घेतली.

काकींनी 'कशाचे?' एवढेच विचारले, 'कोणाच्या हातचे?' हे विचारलेच नाही. त्यांचा सोमवार त्यामुळे तिळभरही उणा झाला नाही. मग आपल्या पंगतींत हा दुसरा प्रश्न इतकी वर्षे कशासाठी विचारला जात होता? शुचितेसाठी, असे आपण सांगत आलो. वस्तुतः पानात काय वाढले आहे याची चौकशी क्वचितच होई. वाढणाऱ्याची जात तेवढी पाहिली जाई. ज्यांनी शेत कसले त्यांचा तांदूळ चाले, त्यांनी शिजवलेला भात चालत नसे. आमच्या घरीही हेच होते, आणि त्याला धर्म म्हणण्यात आम्हीही सामील होतो.

तथापि हा प्रश्न मुळासकट टाकून द्यावा असे म्हणताना आमची लेखणी अडखळते. हाच प्रश्न आपण जेवण झाल्यावरही विचारतो. खतखते रुचले की पाहुणा म्हणतो, 'कोणाच्या हातचे हो हे?', आणि स्वयंपाकघराच्या दाराआड कोणीतरी संकोचून हसते. शब्द तेच, एका ठिकाणी त्यांनी माणूस दूर लोटला जातो, दुसऱ्या ठिकाणी शोधला जातो. कोन्बिनीत पहिला अपमान नाही, हे मोठेच. पण दुसऱ्याला तेथे वावच नाही.

काकी परतल्यावर त्यांच्या नव्वदीच्या सासूबाईंनी सारी हकीकत ऐकली. तीन आकड्यांची गंमत त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग विचारले, "पूण तें केल्लें कोणें?"

काकी म्हणाल्या, "नांव बरयल्लें नाशिल्लें."

यांतला कोणता प्रश्न सासूबाईंच्या मनात होता, ते काकींना अजून उमगलेले नाही.