एकट्याचा शब्द आणि ऐकणाऱ्याचा संशय

रंगमंचावर एकच माणूस उभा राहून स्वतःची हकीकत सांगू लागला, की एक जुना तात्त्विक प्रश्न पुन्हा समोर येतो: माणसाने स्वतःविषयी सांगितलेले खरे मानावे का, आणि मानायचे तर कशाच्या आधारावर? तीन अंकी नाटकात हा प्रश्न फारसा टोचत नाही. तिथे नवरा एक सांगतो, बायको ते खोडून काढते, शेजारी तिसरेच काही बोलून जातो, आणि या जबान्या एकमेकींवर ताडून प्रेक्षक आपले मत बनवतो. एकपात्री नाटिकेत दुसरी जबानीच नसते. ज्यांच्याविषयी बोलले जाते ती माणसे हजर नसतात, आणि जो हजर असतो त्याला उलटतपासणी घेणारा कोणी नसतो. समकालीन नाटककारांच्या छोट्या कृती वरवर सोप्या वाटतात. भाषा रोजची, पात्र ओळखीचे, वेळ अर्ध्यापाऊण तासाचा. त्यांचे रसग्रहण अवघड जाते ते या एका कारणामुळे.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले. पण कोणाचाही शब्द प्रमाण नव्हे, आप्ताचा शब्द प्रमाण. वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे आप्त तो, ज्याने गोष्ट स्वतः जाणलेली असते आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा असते. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू आहे, असेही तो बजावतो; ही उदारता आजही थक्क करणारी आहे. एकपात्री नाटकातल्या पात्राला ही कसोटी लावली, की काय दिसते? आपले आयुष्य त्याच्याइतके जवळून कोणीच पाहिलेले नसते, म्हणजे पहिली अट वरकरणी पूर्ण होते. सांगण्याची इच्छाही दिसते, नाहीतर तो बोललाच नसता. पण जवळून पाहणे म्हणजे जाणणे नव्हे, आणि बोलण्याची इच्छा म्हणजे जसे आहे तसे सांगण्याची इच्छा नव्हे. या दोन फटींत आजचे एकपात्री नाटक घडते.

इंग्रज नाटककार ॲलन बेनेट यांनी दूरचित्रवाणीसाठी लिहिलेली ‘टॉकिंग हेड्स’ ही मालिका याचे फार चांगले उदाहरण आहे. १९८८ साली बीबीसीवर तिचे सहा भाग आले आणि १९९८ साली आणखी सहा. प्रत्येक भागात बहुतांशी एकच व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाहत बोलते. पहिल्या मालिकेतल्या ‘बेड अमंग द लेंटिल्स’मध्ये सूझन ही एका पाद्र्याची बायको आहे. चर्चमधली फुलांची सजावट, नवऱ्याची प्रवचने, त्याच्याभोवती भक्तिभावाने फिरणाऱ्या बायका यांविषयी ती तिखट, नेमक्या शब्दांत बोलते. ती देव मानते की नाही, हे कोणी तिला विचारलेलेच नाही. पाद्र्याची बायको म्हणजे ती मानणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. ती दारू पिते हे ती उघडपणे कबूल करत नाही, पण तिच्या बोलण्यातल्या तपशिलांतून ते झिरपत राहते: कोणत्या दुकानात उधारी थकली, आता कोणत्या दुकानात जावे लागते. लीड्समधल्या रमेश नावाच्या भारतीय वंशाच्या दुकानदाराशी तिचा संबंध जुळतो. दुकानामागच्या खोलीत, डाळींच्या पोत्यांमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्याकडे माणूस म्हणून पाहतो. आपल्याजवळ येताना तिला पिऊनच का यावे लागते, असे तो विचारतो, आणि त्या एका प्रश्नातून तिची दारू सुटायला सुरुवात होते.

पुढे जे घडते त्यात या नाटिकेचा धार्मिक पेच आहे. बायकोच्या व्यसनमुक्तीचे श्रेय नवरा देवाला देतो, तिची कहाणी ईश्वरी कृपेचा दाखला म्हणून लोकांपुढे ठेवतो, आणि त्यामुळे चर्चमध्ये त्याचे वजन वाढते. खरे कारण सूझन कोणाला सांगत नाही. फक्त प्रेक्षकाला ठाऊक असते. मग कृपा आली कुठून? ती देवाकडून आलीच नाही, की एका परधर्मीय दुकानदाराच्या साध्या ममतेतून आली आणि ती ओळखण्याइतकी दृष्टी चर्चपाशी उरली नाही? बेनेट उत्तर देत नाहीत, आणि सूझनच्या तोंडूनही देववत नाहीत. श्रद्धेला खोटे ठरवण्यासाठी ही नाटिका लिहिली आहे असे मानणारा वाचक तिच्यातला अर्धा अर्थ गमावतो. तिच्यात श्रद्धेची भूक आहे, आणि ती भूक चर्चमध्ये भागत नाही याचे दुःख आहे.

अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रसाच्या प्रतीतीला अडथळा आणणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी एक आहे संशययोग. डोळ्यांतले पाणी आनंदाचे की दुःखाचे, की नुसते डोळे आल्याचे, हे एकट्या अश्रूवरून ठरत नाही. म्हणून विभाव (भावाची कारणे), अनुभाव (त्याची बाह्य चिन्हे) आणि व्यभिचारी भाव (त्याच्या जोडीने येणारे क्षणिक भाव) यांची अशी जुळणी हवी, की प्रेक्षकाला शंका उरू नये. हे वाचल्यावर आजच्या एकपात्री नाटकाविषयी अडचणीचा प्रश्न पडतो. ज्या विघ्नापासून जुन्या शास्त्राने नाटक जपले, तेच विघ्न आजचे नाटककार हाताशी धरतात. सूझन हसवते तेव्हा ती मोकळी झालेली असते की कडू झालेली, हे शेवटपर्यंत पक्के होत नाही. मग इथे रसप्रतीती होतच नाही, असे म्हणायचे का?

तसे म्हणणे घाईचे होईल. अभिनवगुप्ताला खटकणारा संशय भाव कोणता याविषयीचा आहे. तो राहिला तर चित्त डळमळते आणि आस्वाद तुटतो. एकपात्री नाटकातला संशय वेगळ्या जागी असतो. सूझन दुःखी आहे, यात तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती तिने दिलेल्या कारणांविषयी, घटनांच्या तिने लावलेल्या क्रमाविषयी, आणि तिने गाळलेल्या गोष्टींविषयी. भाव पक्का आणि वृत्तांत कच्चा, अशी ही रचना आहे. वृत्तांत कच्चा असल्यामुळे प्रेक्षक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू शकत नाही. निवाडा देण्याइतका पुरावाच त्याच्या हाती येत नाही. करुणेला मात्र पुरावा पूर्ण व्हावा लागत नाही. छोट्या नाट्यप्रकाराची सगळ्यात मोठी कमाई ही आहे.

याला एक कठीण बाजूही आहे. बेनेट यांच्या याच मालिकेतल्या ‘अ लेडी ऑफ लेटर्स’मधली मिस रडॉक येताजाता तक्रारीची पत्रे लिहिते. शेजारच्या मुलाची हेळसांड होते, असा आरोप ती करते, आणि ते मूल खरोखर आजारी असते. तिचा एकटेपणा प्रेक्षकाला कळतो, पण तिच्या पत्रांनी ज्यांच्या जखमेवर मीठ चोळले ते आईबाप रंगमंचावर येत नाहीत. बोलणाऱ्याला समजून घेता घेता न बोलणाऱ्यावर अन्याय होऊ शकतो. रसिकाला इथे गैरहजर माणसांसाठीही मनात जागा राखावी लागते.

गैरहजर माणसाशी बोलण्याचे तंत्र भारतीय रंगभूमीला नवे नाही. दहा रूपकांपैकी ‘भाण’ हा प्रकार एका नटाचा आणि एका अंकाचा. त्यातला विट, म्हणजे एक चतुर, रंगेल गृहस्थ, नगरातून फिरतो, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, आणि त्यांची उत्तरे स्वतःच पुन्हा उच्चारून प्रेक्षकांना ऐकवतो. याला आकाशभाषित म्हणतात. मराठीत दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांनी, इंग्रज कवी ब्राउनिंगच्या नाट्यात्म कवितांपासून प्रेरणा घेऊन नाट्यछटा लिहिल्या, तेव्हा त्यांनी दुसऱ्याचे उत्तर ऐकवणेही सोडून दिले. समोरचा काय म्हणाला, हे बोलणाऱ्याच्या पुढच्या वाक्यावरून ताडायचे. पानभर मजकुरात एक माणूस बोलता बोलता स्वतःला उघडा पाडतो, आणि आपण उघडे पडलो याचा त्याला पत्ताही नसतो. मराठी वाचकाला एकपात्री नाटकाचा कान मिळवायचा असेल, तर दिवाकरांपासून सुरुवात करणे सर्वांत चांगले.

एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा हा प्रश्न सॅम्युएल बेकेट यांनी टोकाला नेला. ‘नॉट आय’ (१९७२) या नाटिकेत काळोखात उंचावर फक्त एक तोंड दिसते. जवळजवळ आयुष्यभर मुकी राहिलेल्या एका वृद्ध बाईची कहाणी ते न थांबता सांगत सुटते. ती कहाणी त्या तोंडाची स्वतःचीच आहे हे उघड दिसते, पण ‘मी’ म्हणायला ते दर वेळी नकार देते आणि ‘ती’लाच धरून राहते. जो ‘मी’ म्हणतच नाही, त्याच्या शब्दाला कोणत्या अर्थाने आप्तवाक्य म्हणायचे? मंचाच्या एका बाजूला डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला एक श्रोता उभा असतो. तो काही बोलत नाही. चार वेळा हात किंचित उचलून असहाय करुणेची खूण तेवढी करतो, आणि ती खूणही दर वेळी क्षीण होत जाते. पुढे काही प्रयोगांत बेकेट यांनी हा श्रोता काढून टाकला. तेव्हा त्याचे काम प्रेक्षागृहात बसलेल्यांकडे आले.

संशयाचे हे तत्त्व सगळीकडे सारखे लावणे मात्र चूक आहे. सुषमा देशपांडे यांचे ‘व्हय, मी सावित्रीबाई’ १९८९ पासून रंगमंचावर आहे. त्यात सावित्रीबाई फुले स्वतःच्या तोंडाने आपले आयुष्य सांगतात. तिथे प्रेक्षकाने फटी शोधत बसणे नाटकाच्या हेतूच्या विरुद्ध जाईल. ज्या स्त्रीचा शब्द तिच्या काळातल्या समाजाने शेणगोळे मारून नाकारला, तिला आप्त म्हणून ऐकणे हेच त्या प्रयोगाचे म्हणणे आहे. चेतन दातार यांच्या ‘१, माधवबाग’मध्ये समलिंगी मुलाची आई बोलते. तिच्या बोलण्यात प्रेम आहे आणि भीतीही आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा आणि तिच्या मुलाची बाजूही मनात धरावी, अशी दुहेरी मागणी ती संहिता करते. कुठे शंका घ्यायची आणि कुठे शंका घेणेच क्रूर ठरते, हे कोणत्याही नियमाने ठरत नाही. प्रत्येक कृतीपुढे ते नव्याने ठरवावे लागते.

त्यात नटाचा वाटा फार मोठा असतो, कारण संहितेत मोकळ्या ठेवलेल्या जागा प्रयोगात कोणीतरी भरतोच. सूझनची भूमिका १९८८ साली मॅगी स्मिथ यांनी केली आणि २०२० साली मालिका पुन्हा चित्रित झाली तेव्हा लेस्ली मॅनव्हिल यांनी. शब्द तेच असूनही दोन बायका दोन तऱ्हेने खऱ्या वाटतात. म्हणून अशा नाटिकेची संहिता आधी स्वतः वाचावी, शक्यतो मोठ्याने. मग एक प्रयोग पाहावा, आणि जमल्यास दुसऱ्या नटाचाही. पहिल्या वाचनात पात्राच्या शब्दावर जिथे सहज विश्वास बसला होता, तिथे दुसरा नट कसा थांबतो, कुठे नजर चुकवतो, हे पाहिले की वृत्तांतातल्या फटी आपोआप दिसू लागतात.